जुन्या गेमांना नवा डाख

रायपूरच्या गोलबाजारात किंवा जयस्तंभ चौकातल्या रवि भवनात चार-पाचशे रुपयांत एक प्लास्टिकचं खेळणं मिळतं. खोक्यावर ‘सुप’ हे नाव आणि ‘४०० इन १’ असा दावा. बाहेरून ते १९८९ च्या जपानी गेम बॉयची नक्कल असतं, आतून १९८३ च्या, टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉमची, आणि पाठीमागचं झाकण सरकवलं की नोकियाच्या फोनात असायची तीच बीएल-५सी बॅटरी निघते. चारशेपैकी बरेच गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा येतात हे घरी गेल्यावर कळतं. तरी खेळणं खपतं, कारण त्या पैशांत पोराला दुसरं काय घेऊन द्यायचं हा प्रश्न असतोच.

जुन्या हँडहेल्ड गेमांच्या छंदाचा आढावा मी या खेळण्यापासून सुरू करतोय, कारण या छंदाबद्दल जगभर जे लिहिलं-बोललं जातं त्यात हे खेळणं जवळजवळ नसतंच. तिथे असतो अस्सल गेम बॉय, सोनीचा अस्सल पीएसपी, अस्सल गेम गियर. आपल्याकडच्या बहुतेकांनी ही यंत्रं लहानपणी फक्त मासिकातल्या चित्रात पाहिली. छंदाची हत्यारं आणि ज्ञान आता रायपूरपर्यंत पोचलं आहे, कौशल्य तर इथे आधीपासून होतं. पण ते सगळं दुसऱ्यांच्या आठवणींवर खर्च होतंय आणि आपल्या आठवणींची यंत्रं भंगारात जात आहेत, असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी छंदाचा पसारा पाहू.

त्याच्या दोन शाखा आहेत. एक स्क्रू-ड्रायव्हरवाल्यांची: जुनं यंत्र उघडायचं, त्याचा पडदा, बॅटरी, बटणं, खोकं बदलायचं, आणि जमलं तर मूळ यंत्रात नसलेलं काही त्यात बसवायचं. याला मॉडिंग म्हणतात. दुसरी शाखा प्रोग्रॅमरांची. जुन्या यंत्राची चिप, मेमरी, पडदा, आवाज हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब वठवायचं, म्हणजे मूळ गेमला आपण नव्या संगणकावर चालतो आहोत याचा पत्ताच लागत नाही. तो इम्युलेटर. दोन्ही शाखांतली माणसं एकमेकांना किंचित कमी लेखतात, पण दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही.

दोन्ही शाखांचं दैवत एकच, गेम बॉय. निन्तेंदोच्या गुनपेई योकोईंनी तो घडवला तेव्हा बाजारात त्याहून भारी तंत्र उपलब्ध होतं. त्यांनी मुद्दाम स्वस्त, पुरतं मुरलेलं तंत्र घेतलं: शार्पची आठ-बिटी चिप, सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचा वेग, ८ किलोबाइट मेमरी, १६० बाय १४४ ठिपक्यांचा चार छटांचा पडदा आणि चार पेन्सिल सेल. १९९० मध्ये सेगाने रंगीत, उजेड असलेल्या पडद्याचा गेम गियर आणला. तो सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. कोण जिंकलं हे सांगायला नको. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८७ लाखांच्या घरात नग विकले गेले. योकोईंच्या काटकसरीचा फायदा मॉडरांना आजही होतो. बोर्ड ऐसपैस, भाग मोजके, सगळं उघड्या डोळ्यांनी दिसणारं. गेम गियरच्या वाट्याला मात्र गळके कपॅसिटर आले. आज तो उघडला की बहुतेक वेळा आधी बोर्ड धुवावा लागतो आणि कपॅसिटर बदलावे लागतात, तेव्हा कुठे आवाज येतो.

आपल्याकडे यातलं काय आलं? फॅमिकॉमचीच परदेशी आवृत्ती असलेला निन्तेंदोचा एनईएस ‘सामुराई’ या नावाने परवान्याखाली, सुटे भाग इथे जोडून विकला गेला. सेगाचं मेगा ड्राइव्ह १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेसमार्फत आलं, ती मुख्यतः दारूच्या धंद्यातली कंपनी. ऐंशी टक्क्यांच्या आयात शुल्काला वळसा घालूनही किंमत अठरा हजारांच्या आसपास राहिली. त्या काळच्या पगारांत ती कुणाला झेपणार? घराघरांत शिरले ते ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ असल्या नावांचे नकली फॅमिकॉम आणि त्यांच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी. कार्ट्रिज हा शब्द आम्ही कुणी ऐकलाच नव्हता. कॅसेट काढायची, तिच्या दातांवर फुंकर मारायची, पुन्हा खोचायची आणि मारिओ किंवा कॉन्ट्रा सुरू झाला की गल्लीतली सगळी पोरं जमायची. हँडहेल्ड गेम बॉय कुणाच्या हातात दिसलाच तर त्याचे काका दुबईला असत. तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या मराठी घरांत तो अमेरिकेच्या मामाच्या बॅगेतून उतरे, आणि मामा परत गेल्यावर नव्या कॅसेटी कुठून आणायच्या या प्रश्नावर त्याचं आयुष्य संपे.

सर्वांपर्यंत पोचलेला हँडहेल्ड म्हणजे ब्रिक गेम. दहा बाय वीस चौकोनांचा पडदा, ‘९९९९ इन १’ ची थाप, दोन पेन्सिल सेल आणि कानात घुमणारी कर्कश धून. राजिमच्या मेळ्यातही तो मिळे आणि नागपूरच्या सीताबर्डीतही. त्यानंतर आले फोन. नोकियाने १९९७ मध्ये ६११० या फोनात साप घातला. २००३ चा नोकिया ११०० जगभरात २५ कोटींवर खपला, आणि भारतात तो रिक्षावाल्यापासून शेठजींपर्यंत सगळ्यांच्या खिशात होता. मग रंगीत पडद्याचे जावा फोन. आपल्या पिढीचा हँडहेल्ड कोणता, याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर ही यादी द्यावी लागेल. गेम बॉय तिच्यात नाही.

असो. आता मॉडिंगकडे.

जुन्या गेम बॉयचा सगळ्यात सामान्य आजार म्हणजे पडद्यावरच्या गायब उभ्या रेघा. पडद्याची काच आणि तिचा छोटा बोर्ड यांना जोडणारी एक पातळ रिबन असते, तिचा चिकटवा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुटतो आणि जिथे सुटला तिथली रेघ मरते. इलाज साधा आहे. यंत्र चालू ठेवून, रिबनच्या वरच्या रबरी पट्टीचा अडथळा दूर करून, कमी तापवलेलं सोल्डरिंग आयर्न तिच्यावरून हलक्या हाताने फिरवायचं. ऊब लागली की चिकटवा पुन्हा धरतो आणि रेघा एकेक करून डोळ्यांदेखत परत येतात. जरा जास्त वेळ टेकवलं तर रिबन जळते आणि होत्या त्या रेघाही जातात. सुरुवातीला चौकोनी, जाड टोकाचं आयर्न घ्यावं, सुईसारखं नको. बारीक टोक उष्णता एकाच जागी कोंबतं.

दुसरं लोकप्रिय काम म्हणजे नवा आयपीएस पडदा. मूळ गेम बॉय अॅडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. २००१ मध्ये लोक तो खिडकीशी बसून खेळत. आता चिनी कंपन्या त्याच मापाचे उजळ पडदे तयार संचात विकतात. रिबन खोचायची, खोक्याच्या आतल्या दोन-चार प्लास्टिकच्या कडा कापायच्या, आणि उजेड बटणांनी कमी-जास्त करायचा असेल तर तीन बारीक वायरी बोर्डावर डाख देऊन जोडायच्या. इतकंच. खरं तर हे काम आता इतकं सोपं झालं आहे की त्याला मॉडिंग म्हणायला जुने लोक नाक मुरडतात. पडदा सेल मात्र जास्त खातो, आणि रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्यामुळे यंत्राचा दिवा बॅटरी शिल्लक असतानाच लाल होऊन घाबरवतो.

या शाखेची खरी मजा टोकाच्या प्रयोगांत आहे. अमेरिकेत बेन हेकेनडॉर्न यांनी २००० च्या सुमारास अटारी २६०० हे टीव्हीवरचं धूड कापून-छाटून हातात धरण्याजोगं केलं, आणि यंत्रं छाटण्याची एक परंपराच सुरू झाली. पुढे लोकांनी निन्तेंदो वीचा बोर्ड अक्षरशः करवतीने कापून, उरलेल्या तुकड्याला वीज कशी द्यायची ते शोधून, खिशात मावणारी वी बनवली. २०१५ च्या नोव्हेंबरात पाच डॉलरचं रास्पबेरी पाय झिरो आलं आणि पुढच्याच वर्षी कुणीतरी ते गेम बॉयच्या खोक्यात बसवलं. तिथपासून दोन्ही शाखा एकमेकींत मिसळल्या. खोकं जुनं, आत सॉफ्टवेअर.

रायपूरला या कामात एक अडचण आहे आणि एक सोय. अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि माळ्यावर ठेवलेल्या यंत्रांचं त्यात हळूहळू वाटोळं होतं. पडद्यावरचा पोलरायझर काळपटतो, त्याखालचा गोंद वितळून डाग पडतात, लिथियम बॅटरी फुगून झाकण वर उचलते. पीएसपीच्या फुगलेल्या बॅटऱ्या हा तर इथल्या पीएसपीवाल्यांचा नेहमीचा अनुभव. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. ती काढून सरळ ई-कचऱ्यात द्यायची.

सोय अशी, की लागणारे कारागीर इथे शोधावे लागत नाहीत. रवि भवनातल्या कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर मायक्रोस्कोप, हॉट एअर मशीन, फ्लक्स, डीसी सप्लाय असा सगळा सरंजाम मांडलेला असतो. डोळ्याला नीट दिसतही नाही अशा जागेवर केसाएवढी तांब्याची तार टाकून जंपर मारणं, मेलेली चार्जिंगची आयसी उचलून दुसरी बसवणं, बीजीए चिपखालचे कथलाचे गोळे नव्याने मांडणं ही त्यांची रोजची कामं. युरोप-अमेरिकेतला छंदी माणूस दोन-दोन वर्षं सराव करून जिथे पोचतो, तिथे इथला विशी-बाविशीतला पोरगा पोटासाठी आधीच पोचलेला असतो. दोघांची गाठ पडत नाही, एवढंच. छंदवाले त्याला ‘फोनवाला’ समजतात आणि त्याला या तीस वर्षं जुन्या खेळण्यात पैसा दिसत नाही. दोघांचंही बरोबर आहे, आणि तिथेच गाडी अडते.

सुट्या भागांची कथा वेगळी. २४ नोव्हेंबर २०२० ला केंद्र सरकारने ४३ अॅपवर बंदी घातली, त्यात अलीएक्सप्रेस होतं. जगभरच्या मॉडरांचं हे मुख्य दुकान. पडदे, खोकी, बटणांची रबरं, गेम बॉयच्या तीन पात्यांच्या स्क्रूचे ड्रायव्हर, सगळं तिथूनच यायचं. तेव्हापासून भारतातल्या छंदवाल्याला एक तर दिल्ली-मुंबईच्या मधल्या विक्रेत्याला दुप्पट मोजावे लागतात, नाही तर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत जागा मागावी लागते. म्हणजे पुन्हा अमेरिकेचा मामाच. सर्वसाधारण इलेक्ट्रॉनिक्सचं मात्र तसं नाही. चार्जिंगचे छोटे बोर्ड, ईएसपी३२, रास्पबेरी पाय, सोल्डरिंग स्टेशन हे पुण्याच्या रोबू.इनसारख्या दुकानांतून आरामात घरपोच येतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. आणि मूळ भागांच्या टंचाईचा एक चांगला परिणाम झाला: जपानी यंत्राचे भाग मिळत नाहीत म्हणून काही जण स्वतःचं यंत्र बनवायला लागले. ईएसपी३२ ही २४० मेगाहर्ट्झची चिप चारशे-पाचशे रुपयांत मिळते. कोरियाच्या हार्डकर्नेलने २०१८ मध्ये तिच्यावर ओड्रॉइड-गो हा हँडहेल्ड संच काढला आणि ‘रेट्रो-गो’ हे मोफत सॉफ्टवेअर अशा यंत्रांवर गेम बॉय, एनईएस सहज चालवतं. रिकाम्या ‘सुप’च्या खोक्यात ही चिप, छोटा पडदा आणि तीच बीएल-५सी बसवली की चार दिवसांत यंत्र उभं राहतं. मला हे काम आयपीएस पडदा बदलण्यापेक्षा शंभरदा मोलाचं वाटतं.

तयार चिनी हँडहेल्डांनी मात्र सगळ्या छंदाचा चेहराच बदलला. मुळात ही कल्पना कोरियाची, २००१ चं जीपी३२ आणि २००५ चं जीपी२एक्स. मग २००९ चा चिनी डिंगू. पण पूर आला तो गेल्या सहा-सात वर्षांत: अॅनबर्निक, पावकिडी, मियू, रेट्रॉइड. मियू मिनी एवढीशी, २.८ इंची पडद्याची. छंदवाल्यांनी तिच्यासाठी ‘ओनियन’ नावाची स्वतःची प्रणाली लिहिली आणि ती कंपनीच्या प्रणालीपेक्षा इतकी सरस निघाली की लोक यंत्र ओनियनसाठी विकत घेऊ लागले. अॅनबर्निकच्या आरजी३५एक्सएक्सचं ‘गार्लिक’मुळे तसंच झालं. कांदा-लसणाच्या या नावांमागे कसलंही गूढ नाही, प्रोग्रॅमरांचा चावटपणा आहे.

भारतात सगळ्यांत जास्त दिसतं ते आर३६एस. रॉकचिपची आरके३३२६ चिप, १ जीबी मेमरी, साडेतीन इंची पडदा. इथे नवशिके हमखास एका ठिकाणी पडतात, म्हणून ते जरा सविस्तर. खोक्यात येणारं मेमरी कार्ड हलक्या प्रतीचं असतं आणि काही महिन्यांत मान टाकतं. म्हणून शहाणा माणूस पहिल्याच दिवशी चांगलं कार्ड आणून त्यावर आर्कओएस ही प्रणाली चढवतो, यंत्रात घालतो आणि काळ्या पडद्याकडे पाहत बसतो. आवाज येतो, बटणं चालतात, दिसत काही नाही. यंत्र बिघडलेलं नसतं. कारखान्याने त्या आठवड्यात जो पडदा स्वस्त मिळाला तो बसवलेला असतो, आणि कोणता पडदा आहे हे यंत्राला सांगणारी एक छोटी फाइल, तिच्या नावाच्या शेवटी डीटीबी ही अक्षरं, जुन्या कार्डाच्या पहिल्या विभागात असते. ती उचलून नव्या कार्डावर टाकली की पडदा उजळतो. जुनं कार्ड पुसून टाकलं असेल, तर तुमच्याच यंत्रासारखं यंत्र असलेला दुसरा माणूस गाठा. शिवाय आर३६एसच्याही नकला निघाल्या आहेत, आत वेगळीच चिप असलेल्या, आणि त्यांवर आर्कओएस चढतच नाही. नकलेच्या नकलेत आपण माहीर आहोत असं वाटत असेल तर शेन्झेनला एकदा जाऊन यावं.

आता दुसरी शाखा, इम्युलेटरांची. मला ही जास्त जवळची, आणि रायपूरसाठी जास्त कामाची.

गेम बॉयचा पहिला नावाजलेला इम्युलेटर मरात फैझुलिन यांनी १९९५ मध्ये लिहिला. १९९७ मध्ये नेस्टिकल आला आणि साध्या पेंटियमवर एनईएसचे गेम पूर्ण वेगात धावू लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी मेम काढला, तो आर्केडच्या यंत्रांसाठी. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत पोरं जे खेळत ते बहुधा यांपैकीच काहीतरी असे, नाव माहीत नसताना. २०१२ मध्ये हेन्रिक रिडगोर्ड यांचा पीपीएसएसपीपी आला आणि स्वस्त अँड्रॉइड फोनचा पीएसपी झाला. भारतात पीएसपी हातात घेतलेल्यांपेक्षा पीपीएसएसपीपी चालवणारे अनेक पटींनी जास्त असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

इम्युलेटर बनतो कसा? चिप काय करते याची एक-एक पायरी नक्कल करून. मेमरीतून एक आज्ञा उचल, तिचा अर्थ लाव, ती पार पाड, किती वेळ लागला ते मोज, पुढची उचल. गेम बॉयच्या चिपला अशा सुमारे पाचशे आज्ञा कळतात. त्या लिहून काढायला आठवडा पुरे. खरा घोळ वेळेचा. पडद्याची प्रत्येक ओळ काढायला चिपच्या घड्याळाचे ४५६ ठोके लागतात. दिसणाऱ्या १४४ आणि न दिसणाऱ्या १० अशा १५४ ओळी मिळून एक चौकट ७०,२२४ ठोक्यांची, सेकंदाला साठाहून किंचित कमी चौकटी. जुन्या प्रोग्रॅमरांनी हे ठोके मोजून करामती केल्या आहेत: ओळ अर्धी काढून होईपर्यंत थांबायचं आणि मधेच चित्र सरकवायचं. तुमचा हिशोब चार ठोक्यांनी चुकला की गेममधला रस्ता वाकडा होतो, पाणी हलायचं थांबतं किंवा गेम सुरूच होत नाही.

म्हणून या जगात काटेकोरपणाचा एक पंथ तयार झाला. त्याचं शिखर म्हणजे ‘नियर’ या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरचा बीस्नेस. सुपर निन्तेंदो हे ३.५८ मेगाहर्ट्झपर्यंतच्या वेगाचं यंत्र अचूक वठवायला ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागतो, असं त्यांनी २०११ मध्ये जाहीर लिहिलं, आणि लोक आधी हसले, मग पटलं. गेम बॉयच्या बाबतीत चिकाटीचा नमुना २००३ चा. यंत्र चालू होताना निन्तेंदोचं नाव वरून खाली उतरतं, ते काम करणारा २५६ बाइटचा प्रोग्रॅम चिपच्या आत कुलूपबंद असतो आणि काम झालं की स्वतःला लपवतो. एकाने चिपचं वरचं आवरण काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो घेतले आणि एकेक बिट डोळ्यांनी वाचून तो प्रोग्रॅम लिहून काढला.

शिकणाऱ्याने इथून सुरुवात करू नये. चिप-८ पासून करावी. जोसेफ वाइसबेकर यांची ही १९७० च्या दशकातली छोटी भाषा: ३५ आज्ञा, ४ किलोबाइट मेमरी, ६४ बाय ३२ चा पडदा. तिचा इम्युलेटर शनिवार-रविवारात होतो. मग गेम बॉय. त्याची ‘पॅन डॉक्स’ नावाची मोफत माहितीपोथी १९९५ पासून लोक मिळून वाढवत आले आहेत, आणि तुमचा इम्युलेटर बरोबर आहे का ते तपासणारे परीक्षेचे छोटे प्रोग्रॅमही फुकट मिळतात. ‘डीएए’ नावाची एक आज्ञा असते, दशमान बेरीज सुधारणारी. तिने जगातल्या प्रत्येक नवशिक्याचा एक तरी रविवार खाल्ला आहे. एनआयटी रायपूरच्या किंवा नव्या रायपूरच्या ट्रिपल आयटीच्या मुलांना संगणकाची रचना कागदावर शिकवतात. तिच्या जोडीला असा एक इम्युलेटर लिहायला लावला तर परीक्षेपुरतं घोकलेलं ते सगळं दोन महिन्यांत हाताला लागेल. खर्च शून्य.

कायद्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं, कारण छंदवाले इथे स्वतःशीच खोटं बोलतात. इम्युलेटर लिहिणं बेकायदा नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० मध्ये हे बरंचसं मिटलं. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला प्रोग्रॅमची राखीव प्रत करायला, तो कसा चालतो ते तपासायला आणि स्वतःच्या बिनव्यापारी वापरासाठी प्रत करायला मुभा देतो. स्वतःच्या मालकीची कॅसेट यंत्राला लावून तिची प्रत घेणारी साधनं मिळतात, आणि तो सरळ रस्ता आहे. पण दहा हजार गेम भरलेलं कार्ड यंत्रासोबत विकणं ही चोरीच आहे, मग गेम कितीही जुना असो, आणि जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यालाही कलम ६३-ब लागू होतं. आपल्याकडे यावर कुणी धाड घालत नाही, म्हणून सगळे निवांत. इटलीत २०२५ मध्ये अशा यंत्रांचा परिचय करून देणाऱ्या एका यूट्यूबरकडे पोलीस पोचले आणि त्याची यंत्रं घेऊन गेले.

दुसरीकडे कंपन्यांची बाजूही धुतल्या तांदळाची नाही. आपल्या स्विच या यंत्राचा इम्युलेटर युझू निन्तेंदोने २०२४ च्या फेब्रुवारीत कोर्टात खेचला आणि आठवडाभरात २४ लाख डॉलरवर तडजोड करून बंद पाडला. तेव्हा बाजारात चालू असलेल्या यंत्राचा विचार करता ते समजण्यासारखं आहे. पण जुन्याचं काय? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात नव्याने विकत मिळत नाहीत असं आढळलं. विकायचं नाही आणि जपूही द्यायचं नाही, अशी ही तऱ्हा. आणि चिनी कंपन्या तर छंदवाल्यांच्याच ताटातलं खातात. स्नेस९एक्स या सुपर निन्तेंदोच्या इम्युलेटरचा परवाना व्यापारी वापराला मनाई करतो, तरी तो त्यांच्या यंत्रांत राजरोस असतो.

आता मूळ मुद्दा. गेम बॉयचं जगाने सगळं जपलं आहे: बिट, ठोके, बोर्डाचे नकाशे, खोक्याच्या रंगछटांपर्यंत. आपल्या यंत्रांचं किती जपलं गेलं? ब्रिक गेमच्या आत होल्टेकची चार-बिटी चिप असते, काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली पुरलेली. परदेशातल्या काही चिकट माणसांनी अशा चिपा वाचल्या आणि त्यामुळे मेममध्ये आज काही ब्रिक गेम चालतात. पण आपल्या बाजारांत किती जातींचे ब्रिक गेम आले, कुठल्यात कोणती धून होती, याची नोंद इथे कुणी केलेली मला माहीत नाही. नकली फॅमिकॉमच्या कॅसेटींचं तेच. त्यांतल्या कित्येक गेमांत कुणीतरी नावं, चित्रं, पातळ्या बदललेल्या होत्या. मूळ जपानी गेम जपला म्हणजे आपण खेळलो तो जपला गेला असं होत नाही.

सगळ्यात वाईट गत जावा फोनवरच्या गेमांची, आणि ते तर आपणच बनवलेले. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या इंडियागेम्सने फोनसाठी ढिगाने गेम काढले. २००७ मध्ये कंपनी यूटीव्हीकडे आणि पुढे डिस्नेकडे गेली. नाझारासारख्या मुंबईच्याच दुसऱ्या कंपन्या होत्या. सुरुवातीच्या नोकिया फोनांत गेमची फाइल ६४ किलोबाइटच्या आत बसवावी लागे, आणि पडद्याची मापं फोनागणिक वेगळी, म्हणून एकाच गेमच्या डझनावारी आवृत्त्या निघत. अँड्रॉइडवरचा जेटूएमई लोडर त्या आजही चालवतो. म्हणजे इम्युलेटर तयार आहे. गेमच सापडत नाहीत. ते विकणारी ऑपरेटरांची पोर्टलं कधीच बंद पडली. आणि पैसे देऊन उतरवलेल्या गेमवर असं कुलूप असे की तो फोनाबाहेर पाठवताच येत नसे. त्यामुळे चोरून वाटले गेलेले परदेशी गेम इंटरनेटवर टिकले आणि रीतसर विकत घेतलेले देशी गेम फोनातच अडकले.

ते बाहेर काढायचं ठिकाण मात्र माहीत आहे. २००५ च्या आसपास नोकियाचे फोन दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडे जॅफ किंवा यूएफएस नावाचा बॉक्स असे, फोनच्या फ्लॅश मेमरीशी थेट बोलणारा. रवि भवनातल्या जुन्या काउंटरांच्या खणात ते बॉक्स आणि त्यांच्या केबली अजून निघतील. फोन चालूच होत नसेल तर हॉट एअरने मेमरीची चिप उचलून प्रोग्रॅमरवर वाचणारे हातही तिथेच आहेत. कायद्याचीही तितकी भीती नाही: २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-अ कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण कायद्याने मनाई नसलेल्या हेतूसाठी केलेलं काम त्यातून वगळतं. वेळ मात्र बेताची आहे. अशा फ्लॅश मेमरीची हमी कंपन्या साधारण वीस वर्षांची देतात, तीही रायपूरचा उन्हाळा न धरता; २००३ ते २००८ मधले फोन आता नेमके त्या मुदतीवर येऊन ठेपले आहेत. तेव्हा घरातला जुना फोन बोहारणीला देण्याआधी एकदा चार्जिंगला लावून त्याचा ‘गेम्स’ फोल्डर उघडून पाहा, आणि तिथे एखादं मुंबईच्या कंपनीचं नाव दिसलं तर तो फोन फॅक्टरी रीसेट करू नका.